पलीकडून दिसणारं घर

श्रावणात सोनबाच्या घराची मागची भिंत गेली. दिवसभर पाऊस झोडपत होता, घरातली सगळी जेवायला बसली होती, आणि भिंत फारसा आवाज न करता, दमलेल्या माणसासारखी खाली बसली. कुणाला लागलं नाही. भिंतीपलीकडं गोठा होता, त्यामुळं माणसं आणि म्हशी एकदम समोरासमोर आली. थोरल्या म्हशीनं भाकरीच्या टोपल्याकडं बघितलं. भागूबाईनं टोपलं मागं ओढलं. मग सगळी परत जेवायला लागली.

तिथून पुढं दिवाळीपर्यंत घर आणि गोठा एकच होता. सोनबाचं म्हणणं, यात नवीन काय, त्याच्या बापाच्या वेळी मधे भिंत नव्हतीच.

"तरीच तुमी असं निघालात," त्याची बायको भागूबाई म्हणाली.

पाथरवाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. धनगरांची पाच-सात घरं, माणसांपेक्षा म्हशी जास्त. एसटी खालच्या फाट्यावर थांबते, तिथून चढ. मोबाईलला रेंज फक्त एका करवंदीच्या जाळीत येते, त्यामुळं वाडीत ज्याचा सदरा जास्त फाटलेला, तो मोठ्या ओळखीपाळखीचा माणूस समजला जातो.

भिंत गेली तसं सोनबाला सरकारी घरकुल मंजूर झालं. विटा, सिमेंट, वर स्लॅब. सोनबाचा मुलगा नाथा यानं जेवताना विचारलं, "रंग कंचा द्यायचा?"

"राणी," त्याची बायको मंगल म्हणाली. तोंडातला घास गिळायलाही ती थांबली नाही.

कारण मंगलचं माहेर समोरच होतं. मधे खोरं, तळाला धरणाचं पाणी, आणि पलीकडच्या उतारावर बोरमाळ. दिसायला समोर, जायला एसटी बदलत अख्खा दिवस. लग्न झाल्यापासून तिची आई धोंडाबाई रोज सकाळी अंगणात उभी राहून लेकीचं घर बघायची. छपरातून धूर निघाला की म्हणायची, "उठली बया," आणि आपल्या कामाला लागायची. पण आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शिबिरातला डॉक्टर म्हणाला होता, अजून पिकला नाही, पिकू द्या. त्यामुळं सगळं घर अढीतल्या आंब्याची बघावी तशी मोतीबिंदूची वाट बघत होतं. मागच्या खेपेला मंगल गेली तेव्हा धोंडाबाई म्हणाली होती, "तुजं घर डोंगरात इरघळलं गं. लई हुडीकलं, घावत न्हाई." मातीचं घर, गवताचं छप्पर, भोवती डोंगर त्याच रंगाचा. धडधाकट डोळ्यालाही ते सापडायची मारामार.

म्हणून राणी. मंगलच्या मते मोतीबिंदूतून आरपार जाईल असा तो एकच रंग होता.

त्याच दिवाळीत सोनबाच्या घराच्या वर, कारवीच्या रानात, आनंदरावांचं काम सुरू झालं.

आनंदराव कामथडीचे. हायवेला त्यांचं लग्नाचं कार्यालय होतं, दारात सिमेंटचे दोन हत्ती, सोंडेतून पाणी, कमानीवर पळते दिवे. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की शहरातली बडी माणसं आता जिथं काहीच नाही तिथं राहायला सगळ्यात जास्त पैसे देतात. काहीच नाही अशी जागा आनंदरावांकडं भरपूर होती. आता काहीच नाही ते बांधायचं कसं, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी पुण्याहून शेफाली मॅडमना आणलं.

शेफाली आर्किटेक्ट होती. वय तिशीच्या आत, बोलणं हळू, आणि अंगावर कायम मातीच्या रंगाचे कपडे. दरडीला टेकून उभी राहिली की दिसायची नाही. पहिल्या दिवशी सोनबा तिच्या शेजारीच तंबाखू थुंकला आणि मग दिवसभर लाजत राहिला.

"आपण जंगलात घर घुसवायचं नाही," ती म्हणाली. "जंगलानं घर गिळलं पाहिजे."

"गिळतं की," सोनबा म्हणाला. "आमचं गिळलंच."

आनंदरावांनी घसा साफ केला. "मॅडम, दारात हत्ती?"

"नाही."

"एकच?"

"नाही, सर."

"बरं, कमान?"

"काहीच नाही. पाटीसुद्धा नाही."

"मग पावण्याला कळायचं कसं, आलं म्हणून?"

"कळायला नको. जाणवायला हवं."

आनंदरावांनी डॉक्टरपुढं मान हलवतात तशी हलवली.

शेफालीला भिंती मातीच्या हव्या होत्या, आणि त्यातही जुनी, मुरलेली माती. सोनबाच्या पडक्या भिंतीचा ढीग बघून ती थांबली. चिमूट घेऊन चोळली, हुंगली. "ही माती कुणाची?"

"म्हशीची," भागूबाई म्हणाली. श्रावणापासून थोरली म्हैस त्यावरच बसत होती.

मग असं झालं, की सोनबाची भिंत घमेल्यांतून डोंगर चढायला लागली आणि त्याच पायवाटेनं सोनबाच्या नव्या भिंतीच्या विटा डोक्यावरून खालून वर यायला लागल्या. सकाळी नाथा आणि मंगल माती घेऊन वर जात, दुपारी फाट्यावरून विटा आणत. एकदा दोघं वाटेत समोरासमोर आले, त्याच्या डोक्यावर विटा, तिच्या डोक्यावर माती.

"काय वो," मंगल म्हणाली, "आपलं घर नेमकं कुनीकडं चाललंय?"

"म्या इच्चारलं न्हाई," नाथा म्हणाला, आणि मान न हलवता बाजूला झाला.

वर काम चांगलं होतं. माती, शेण, भाताचं तूस, पाणी घालून पायानं तुडवायचं. पोटऱ्यांपर्यंत चिखल, थंडीत तो आधी बोचायचा, मग गरम व्हायचा, आणि दुपारी सुकून पायाला असा ओढायचा की बायका चालताना बगळ्यासारख्या पाय उचलायच्या. मंगलचा हात लिपायला बसलेला. तिनं पहिली भिंत अशी गुळगुळीत केली की माशी घसरावी. शेफालीनं त्या भिंतीवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

"मंगलताई, फार छान आहे. पण इतकं सारखं नको. बोटांच्या खुणा राहू द्या. थोडं ओबडधोबड."

मंगलला वाटलं, आपली परीक्षा घेतायत. मग कळलं, खरंच तसंच हवंय. तिनं पदर तोंडाला लावून, कुणी बघत नाही ना बघत, लग्न झाल्यापासून जितकं वाईट लिपलं नव्हतं तितकं वाईट लिपलं. शेफाली खूश झाली. तिनं त्या भिंतीचे फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी भागूबाई सुनेची भाकरी घेऊन वर आली. तिनं भिंत बघितली. भाकरी खाली ठेवली.

"ही कुनी लिपली?"

"म्या, आत्याबाई. पन त्यास्नी..."

"दुसऱ्याच्या दारात आमच्या घरचं नाव घालवतीस?" भागूबाईनं लुगडं खोचलं, घमेल्यात हात घातला, आणि शेफाली खालून चढून येईपर्यंत त्या खोलीच्या तिन्ही भिंती आरशासारख्या करून टाकल्या. शेफाली दारात उभी राहिली. मग खाली एका दगडावर बसली आणि बराच वेळ पाणी प्याली.

"बघा की," भागूबाई तिला म्हणाली, "तोंडानं सांगितलं असतंत तर म्या आदीच आली असती. पोरीचं वय हाय, चुकती."

त्या तीन भिंती तशाच राहिल्या. नकाशात त्या खोलीला शेफालीनं 'शांत खोली' असं नाव दिलं.

शिमग्यापर्यंत काम एवढं उत्तम झालं की सापडेना. छतावर माती आणि गवत, भिंती डोंगराच्या रंगाच्या, दार कारवीत. आनंदरावांनी सारोळ्याहून आपले मेहुणे आणले, दाखवायला. तास झाला तरी रानातून आवाज येत होते, "हितंच हाय, हितंच कुठंतरी." शेवटी नाथा शोधायला गेला. मेहुणे एका गवताच्या टेपाडावर घाम पुसत उभे होते.

"शेठ," नाथा म्हणाला, "तुमी छपरावर हाय."

थोरल्या मेहुण्यानं पायाखाली बघितलं, लांबवर बघितलं, आणि म्हणाला, "दाजी, चांगलं हाय. पन आमच्या गोठ्याला बी कमान हाय."

आनंदराव त्या दिवशी जेवले नाहीत.

खरी मेख खिडकी होती. अख्ख्या बांधकामात मोठी खिडकी एकच, पण भिंतीएवढी, सबंध काचेची, मावळतीकडं तोंड केलेली. तिच्यापुढं दगडी टब. पाहुण्यानं पाण्यात बसायचं आणि खोरं बघायचं. शेफालीचं म्हणणं, त्या खिडकीत माणसाच्या हातची एकही वस्तू दिसता कामा नये. आणि बरोब्बर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात सोनबाचं आवार येत होतं.

म्हशी चालतील, ती म्हणाली. सोनबाचं धोतर चालेल. निळं प्लॅस्टिकचं पिंप नको. मग पिंपाला पोत्याचा सदरा शिवला. खताच्या कंपनीचा पिवळाजर्द टी-शर्ट सोनबानं डोंगराकडं पाठ करून घालू नये, अशी विनंती झाली.

"पोट करून चालंल का?" सोनबानं विचारलं.

शेफालीनं विचार केला. "पोटावर काही लिहिलंय का?"

"युरिया."

"मग नको."

हे सगळं सोनबाच्या घरानं हसत-हसत घेतलं, कारण काम मिळत होतं, आणि पुढंही मिळणार होतं. वरची देखभाल, झाडलोट, काचा पुसणं, पाहुण्यांचं जेवण, सगळं नाथा-मंगलकडं द्यायचं आनंदरावांनी कबूल केलं होतं. वाडीतली बाकीची पोरं नसरापूरपर्यंत हॉटेलांत भांडी घासायला जात. घरातून चालत जायचं काम पाथरवाडीत पहिल्यांदाच आलं होतं.

आणि मग नाथानं नसरापूरहून रंगाचा डबा आणला. स्लॅब पडला होता, गिलावा झाला होता. डब्याच्या झाकणावर राणी रंगाचा एवढासा ठिपका होता. शेफालीला तो वरून दिसला. ती खाली आली. एवढ्या दिवसांत त्या उतारावर ती पहिल्यांदाच घसरली.

"मंगलताई, हा रंग नाही ना लावणार?"

"लावनार की."

"दुसरा कुठलाही घ्या. मातीचा घ्या. मी आणून देते."

"मातीचंच व्हतं, म्याडम. पडलं."

"पण का? एवढा भडक का?"

मंगल हातातला कुंचा फिरवत राहिली. मग तिनं कुंच्यानंच पलीकडचा डोंगर दाखवला. "तितं माजी आये हाय. तिला दिसत न्हाई. तिला माजं घर दिसाया पायजे. येवडंच."

शेफाली त्या डोंगराकडं बघत राहिली. तिथं तिला काहीच दिसत नव्हतं, आणि म्हणूनच तिला तो डोंगर आवडला होता.

संध्याकाळी आनंदराव आले. त्यांनी बाजेवर बसून गोड आवाजात सांगितलं, की मंगल, रंगापायी काम घालवू नकोस, मला दुसरी माणसं बघायला लावू नकोस. बोलताना ते डब्याकडं बघत होते, आणि रंग त्यांना स्वतःला फार आवडलेला दिसत होता.

त्या रात्री मंगलनं डब्याचं झाकण घट्ट लावून तो बाजेखाली सरकवला. सकाळी नाथा घराभोवती दोन फेऱ्या मारून आला. "आगं, त्यांची खिडकी वरच्या अंगाला, आपल्या पाठीवर," तो म्हणाला. "तुजं माहेर फुडच्या अंगाला. तिला तोंड दिसतंय, त्यास्नी पाठ दिसती. एका अंगाला राणी, बाकी समदी माती. कुनाला काय कळतंय?"

मंगलनं मान्य केलं. पुढची भिंत राणी झाली, तीही ऑईलपेंट. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर मातीचा लेप, स्लॅबवर माती पसरून गवत. शेफालीनं खिडकीतून बघितलं. कोपऱ्यात एक शांत ढेकूळ होतं. ती म्हणाली, सुंदर.

"फुडनं नवरी, मागनं ढेकूळ," भागूबाई म्हणाली. "आमच्यात असं सोंग लग्नात बी कुनी काडलं न्हाई."

मग चैत्रात वेल्ह्याच्या बाजारात नाथाला मंगलचा भाऊ गेनू भेटला. गेनूनं भर बाजारात मिठी मारली. "दाजी, आयेला घर दिसाया लागलं! रोज संध्याकाळी निस्तं चमकतंय. गाव बघाया येतंय."

नाथानं घरी येऊन सांगितलं. "ऑईलपेंट हाय, चमकनारच," तो म्हणाला. मंगलनं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि दाराबाहेर जाऊन त्या भिंतीसमोर उभी राहिली. मग नखानं रंगावरचा चिखलाचा एक ठिपका काढला. त्या आठवड्यात बोरमाळची जत्रा होती. ती माहेरी गेली.

संध्याकाळी धोंडाबाईनं तिला हाताला धरून अंगणात आणलं. शेजारच्या बाया आधीच येऊन बसल्या होत्या. सूर्य बोरमाळच्या पाठीमागं टेकायला आला.

"आता बघ," धोंडाबाई म्हणाली.

आणि समोरच्या सोंडेवर एकदम जाळ उठला. डोंगराला भोक पाडून कुणीतरी पलीकडचा उजेड आत सोडल्यासारखा. बाया ओळीनं "आगं बया" म्हणाल्या.

"नशीब काडलं पोरीनं," शेजारची एक म्हातारी म्हणाली. "आमच्या पोरीच्या घराला साधा बलब न्हाई."

मंगलनं बघितलं. ती वरची काच होती. जे घर आनंदरावांच्या मेहुण्यांना त्याच्यावर उभं राहून दिसलं नव्हतं, ते अख्ख्या बोरमाळला रोज दिसत होतं. काचेच्या खाली, मंगलच्या धडधाकट डोळ्यांनी फार शोधल्यावर, एक राणी ठिपका होता. बुंदीच्या दाण्याएवढा.

बायांनी कौतुक केलं, ते तिनं मान खाली घालून घेतलं. जेवताना आईनं दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढली, तीही खाल्ली. सकाळी धोंडाबाई तिचे केस विंचरायला बसली, तेव्हा ती म्हणाली, "आये, ते घर आपलं न्हाई."

फणी थांबली. "कुनाचं मग?"

"आनंदराव शेठचं. शेहरातल्या पावन्यांसाठी. आपलं खाली हाय, बारकं."

"तू तितं काय करतीस?"

"भित्ती लिपल्या. माती आपलीच व्हती. आता रोज काच पुसती."

"रोज?"

"रोज. लई धूळ बसती."

धोंडाबाईनं फणीतले केस काढले. अंगणात कोंबडी ओरडून गेली. "न्हाई पुसली तर चमकंल का?"

"न्हाई चमकायची."

"मग झालं की." फणी परत चालायला लागली, जरा जोरातच. "म्या तुजं पुसनं बघती. ज्या दिशी चमकनार न्हाई, त्या दिशी म्या समजंन, पोरगी आजारी हाय." मग तिनं आवाज खाली आणला. "शेजारच्या बायांना मातर सांगू नगंस."

मंगलनं परत येऊन हे नाथाला सांगितलं, आणि नाथानं ते आनंदरावांना सांगितलं, कारण नाथाच्या पोटात काही राहत नाही.

आनंदरावांनी ऐकलं. दोनदा सांगायला लावलं. "दिसतंय?"

"लांबनं दिसतंय, शेठ. जवळनं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी दोन जीपगाड्या सारोळ्याच्या मेहुण्यांसकट बोरमाळला धोंडाबाईच्या अंगणात उभ्या राहिल्या. धोंडाबाईनं घोंगडी अंथरली, चहा टाकला. सूर्य कलला, काच पेटली, आणि आनंदराव हात लांब करून म्हणाले, "हे माझं."

"माज्या लेकीचं," धोंडाबाई चुलीपासून म्हणाली.

"मावशी, जागा माझी, काम माझं."

"आन पुसतंय कोन?"

आनंदराव घोंगडीवर बसले. त्यांनी चहा घेतला. थोरला मेहुणा मात्र टोपी काढून बघत राहिला आणि म्हणाला, "दाजी, हाय बाबा. कमानीपरीस भारी हाय." आनंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी आणखी चहा मागितला.

ही बातमी ते अभिमानानं शेफालीला द्यायला गेले, तीच चूक झाली. "मॅडम, सबंध खोऱ्यातनं दिसतंय! डोंगराला आग लागल्यासारखं!"

शेफालीनं हातातला नकाशा गुंडाळला. तिनं घर रस्त्यावरून बघितलं होतं, पायवाटेवरून बघितलं होतं, आतून हजारदा बघितलं होतं. पलीकडच्या डोंगरावर जाऊन बघितलं नव्हतं, कारण तिच्या हिशेबी तिथं कुणी नव्हतं. दुपारपर्यंत तिचा निर्णय झाला. काचेला बाहेरून कारवीचा कूड बसवायचा. सूर्य कलला की काच झाकायची.

कूड विणणार कोण, हा प्रश्नच नव्हता. मंगल कोयता घेऊन रानात गेली, कारवीच्या सरळ काठ्या तोडून आणल्या, पाला काढला, ओल्या सालीनं एकेक काठी आवळत कूड बांधायला बसली. हाताला चीर पडत होती. ती एकेक गाठ मारायची आणि खोऱ्याकडं बघायची. अर्धा कूड झाल्यावर शेफाली शेजारी येऊन बसली.

"छान होतोय."

"व्हय," मंगल म्हणाली. "हा झाला की आयेला काय दिसायचं न्हाई."

शेफालीला आधी कळेना. मग मंगलनं सगळं सांगितलं, फणीपासून.

"मंगलताई, पण हे बरोबर नाही. पक्षी येऊन आपटतील काचेवर. समोरच्या खोऱ्याच्या डोळ्यांत जाईल. मला इथं असं काही करायचंच नव्हतं."

"पक्ष्यांचं खरं हाय. दिवसभर लावा की कूड. पन समोर म्हशी हायत, पानी हाय, आन माजी आये हाय. म्हशी काय बोलल्या न्हाईत."

"तुमच्या आईला आपलं घर दिसतच नाही ना पण. तिला नुसता उजेड दिसतो."

मंगलनं साल दातात धरून ओढली, गाठ आवळली. "तिला नुसता उजेडच दिसतो, म्याडम."

शेफाली उठून गेली. पुढचा दिवस ती कामावर आलीच नाही. ती बोरमाळला गेली होती. हे नंतर गेनूनं सांगितलं. ती उन्हाची ओट्यावर टेकून बसली होती, मातीच्या रंगाच्या कपड्यांत, आणि धोंडाबाईनं पोतं समजून तिच्यावर कुरडया वाळत घालायला घेतल्या. शेफाली हलली नाही. दोन-तीन कुरडया पडल्यावर पोतं "नमस्कार" म्हणालं. मग चहा झाला. संध्याकाळी ती बायांच्या ओळीत बसली. काच पेटली तेव्हा धोंडाबाईनं तिला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाली, "पुसली बघ माज्या पोरीनं."

परत आल्यावर शेफालीनं कुडाला वरून कप्पी आणि दोरी लावायला सांगितली. कूड दिवसभर खाली, खोरं फटींतून दिसेल तेवढं; सूर्य बुडताना थोडा वेळ वर.

"पाहुणे टबात असले तर?" आनंदरावांनी विचारलं.

"तर त्यांनाही सूर्य दिसेल."

"आन दोरी?"

"दोरी मंगलताईंकडे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

आनंदरावांनी समाधानानं मान हलवली. त्यांना कूड अजिबात नकोच होता, पण निदान आता दिसायची वेळ तरी ठरली होती. मेहुण्यांना बोलवायला सोपं.

पहिले पाहुणे वैशाखात आले, पुण्याचं एक जोडपं. बाई सोनिया, तिचा नवरा कुठल्याशा मोठ्या कंपनीतला. त्यांना शांतता हवी होती. त्यांना 'शांत खोली' दिली. सोनियानं भागूबाईच्या भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्या किती आधुनिक वाटतात." भागूबाई दारात उभी होती. तिनं सुनेकडं एकदाच बघितलं.

संध्याकाळी मंगलनं दोरी ओढली, कूड वर गेला, काच पेटली. सूर्य बुडाला, कूड खाली आला. शेफाली त्या रात्री निवांत झोपली.

सकाळी कूड वर करून मंगल बाहेरून काच पुसत होती. आत सोनियाचा नवरा टबात, डोळे मिटून. शेफाली दारापाशी चहाचा पेला घेऊन उभी, तिच्या रिकाम्या खिडकीकडं बघत. ऊन मागच्या डोंगरावरून उतरून खोरं ओलांडून पलीकडं बोरमाळवर पडलं, आणि तिथं एकदम काहीतरी चमकलं. लहान, पण धारदार. थेट टबावर आलं. नवऱ्यानं डोळे उघडले, परत मिटले, हात आडवा धरला.

चमक हलली, थोडी डावीकडं गेली, परत जागेवर आली. कुणीतरी नेम धरत होतं.

"ते काय आहे?" सोनियाचा नवरा म्हणाला. "समोर तर काहीच नाही म्हणाले होते."

आनंदराव चपला न घालताच पळत आले. शेफालीनं चहाचा पेला खाली ठेवला. मंगल काचेला पाठ टेकून पलीकडं बघत राहिली. घर तिला दिसत नव्हतं. अंगण दिसत नव्हतं. पण अंगणाच्या भिंतीवर खुंटी कुठं आहे ते तिला माहीत होतं, आणि सकाळच्या उन्हात पितळेची मोठी परात, चिंच लावून घासली की कशी दिसते, तेही.

तिनं ओलं फडकं पिळलं आणि काचेवरून एकदा, सावकाश, वरून खालपर्यंत फिरवलं.

"आमची आये हाय ती, साहेब," ती म्हणाली. "भांडी घासून झाली तिची."